खाकीच्या आत – भाग ६ : ड्युटीचा तक्ता

मागच्या भागात आपण अकस्मात मृत्यूच्या पंचनाम्यांपाशी थांबलो होतो. रुळांवरचा किंवा विहिरीतला देह पाहून, त्याच्या अंगावरच्या खुणा लिहून घेऊन, नातेवाइकांना फोन करून शिपाई घरी येतो आणि जेवायला बसतो. त्या ताटापाशी काय घडतं ते आपण पाहिलं. ते वाचून कुणीही म्हणेल, प्रत्येक ठाण्यात एक समुपदेशक द्या. द्यायलाच हवा. पण आज त्याच्याही आधीच्या एका कागदाबद्दल लिहायचं आहे. तो ठाण्याच्या भिंतीवर असतो, नाहीतर हजेरी घेणाऱ्या अंमलदाराच्या टेबलावर, आणि हल्ली व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो. ड्युटीचा तक्ता. पोलिसाच्या मनावरचं निम्मं ओझं गुन्हेगारांच्या नव्हे, या कागदाच्या पोटातून येतं, असं माझं मत बनलं आहे.

कायद्यापासून सुरुवात करू. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा. त्याचं कलम २८ सांगतं की पोलीस हा नेहमीच कामावर आहे असं समजलं जाईल. इंग्रजांच्या १८६१ च्या कायद्यातही हेच होतं. गरज पडली तर मध्यरात्रीही बोलावता यावं, यासाठी असं कलम लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बोलावता येण्याची मुभा हळूहळू रोजची रीत झाली. बारा तासांची पाळी हाच दिवस ठरला आणि पाळी संपल्यावर आरोपीला रुग्णालयात न्यायचं, कोर्टात हजर करायचं किंवा अचानक लागलेल्या बंदोबस्ताला उभं राहायचं हे त्याचं शेपूट.

पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोसाठी हैदराबादच्या अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने देशभरातल्या बारा हजारांहून अधिक पोलिसांना विचारून एक अहवाल केला, तो २०१४ मध्ये आला. ठाण्यांतले जवळपास ९० टक्के कर्मचारी दिवसाला आठ तासांहून जास्त काम करत होते. ७३ टक्क्यांहून अधिक जणांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. साप्ताहिक या शब्दाचा अर्थच तिथे उरला नव्हता.

पोलीस लाइनीतल्या घरात मुलीच्या बारशाची तारीख पंचांग पाहून ठरते आणि बाप त्या दिवशी येईल की नाही हे बंदोबस्त पाहून. अनंत चतुर्दशी, ईद, सहा डिसेंबर, एकतीस डिसेंबर, निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा. रजा मंजूर असते, बॅग भरलेली असते, आणि आदल्या रात्री ‘रजा बंद’ असा निरोप येतो. हे ज्या घरात दहा-पंधरा वर्षं घडतं, तिथली माणसं काही ठरवायचंच सोडून देतात. मुलं बाबांना कार्यक्रमाला बोलवत नाहीत. तिथून माणूस घरात असूनही घराबाहेरचा होत जातो.

यामागचं शास्त्र समजून घेण्यासारखं आहे. कामाचा ताण कशाने वाढतो, याची एक साधी मांडणी रॉबर्ट कारासेक या अमेरिकी संशोधकाने १९७९ मध्ये केली. त्याने दोन गोष्टी शेजारी ठेवल्या: काम माणसाकडून किती मागतं, आणि त्या कामावर माणसाची स्वतःची किती सत्ता चालते. कामाची मागणी मोठी असून सत्ताही असेल, तर माणूस थकतो पण तुटत नाही. उलट शिकतो, वाढतो. मागणी मोठी आणि सत्ता शून्य, हा जोड मात्र शरीर-मन पोखरतो. शिपायाची जागा नेमकी या दुसऱ्या कोपऱ्यात आहे. कुठे उभं राहायचं, किती वेळ, घरी कधी जायचं, यातलं काहीच त्याच्या हातात नाही. म्हणून मला तासांच्या संख्येइतकीच अनिश्चितता महत्त्वाची वाटते. सुट्टीच्या दिवशीही फोन उशाशी असतो आणि शरीर सावधच राहतं. आराम मिळालेला असतो, पण तो अंगी लागत नाही.

आता झोपेकडे येऊ, कारण इथे विषय पोलिसापुरता राहत नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी माणसांना जागं ठेवून त्यांच्या हाताची आणि लक्षाची चाचणी घेतली आणि तीच चाचणी त्यांना मद्य देऊनही घेतली. सतत १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होते तितकी घसरलेली निघाली. २४ तास झाले की ०.१० टक्क्यांइतकी. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. रात्रीच्या नाकाबंदीवर चालकाच्या तोंडाला यंत्र लावणारा हवालदार जर सकाळपासून जागा असेल, तर तो ज्या अवस्थेतल्या माणसाला पकडतो आहे, त्याहून फार वेगळ्या अवस्थेत तो स्वतः नाही. कमरेला पिस्तूल आहे, निर्णय क्षणात घ्यायचा आहे.

झोप तुटली की मेंदूतला भीती आणि राग पेटवणारा भाग जास्त भडकतो आणि त्याला आवर घालणारा पुढचा भाग ढिला पडतो. ठाण्यात तक्रार घेऊन गेल्यावर अंगावर ओरडणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्या ओरडण्याचं समर्थन मी करणार नाही. पण तो आदल्या रात्री कधी झोपला होता, हा प्रश्न त्या दृश्याचाच भाग आहे. रात्रपाळीनंतर दिवसा झोपायचं तरी कुठे? बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत कितीतरी पोलीस कुटुंबांनी पिढ्या काढल्या आहेत. त्या खोलीत मुलांचा अभ्यास, कुकरची शिट्टी, नळाला पाणी येण्याची वेळ आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप या सगळ्यांना एकच जमीन असते.

आणि आता देवनार.

मुंबईच्या पूर्व उपनगरातलं हे ठाणं काही निवांत ठाणं नव्हे. कत्तलखाना, कचराभूमी, दाटीवाटीची वस्ती, बकरी ईदचा मोठा बंदोबस्त. या ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या तीन पाळ्यांचा तक्ता स्वतः बसून तयार केला आणि तो तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापर्यंत पोहोचवला. आठ तास काम, सोळा तास मोकळे. आयुक्तांनी तो बाजूला सारला नाही. मे २०१६ मध्ये देवनारलाच प्रयोग सुरू झाला, मग काही ठाणी, आणि २०१७ मध्ये शहरभर.

या घटनेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की तक्ता खालून वर गेला. पोलिसांना कामगार संघटना करता येत नाही. १९६६ च्या कायद्याने त्यांच्या या हक्कावर बंधन घातलं आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या शिपायांचा असंतोष रस्त्यावर आला, तो मोडून काढला गेला, त्यांची संघटनाही संपली. त्यानंतर शिपायाला आपल्या कामाच्या वेळेबद्दल बोलायची जागाच राहिली नाही. अशा दलात एका शिपायाने कागदावर रकाने आखून सांगावं की हे असं जमेल, आणि सर्वोच्च अधिकाऱ्याने ते ऐकावं, हीच कारासेकच्या भाषेतली ‘सत्ता’ आहे.

अडचणी खऱ्या होत्या. दोन पाळ्यांच्या तीन केल्या की माणसं जास्त लागतात. हैदराबादच्या त्याच अहवालाने ठाण्यांसाठी मंजूर बळाच्या सरासरी १.६८ पट मनुष्यबळ हवं असा हिशेब मांडला होता. शिवाय मुंबईतली ही सोय मुख्यतः अंमलदारांसाठी होती. तपास करणाऱ्या उपनिरीक्षकाचा दिवस आठ तासांत मिटत नाही, आणि त्याच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. पुढे कोविड आला, बंदोबस्ताने सगळं गिळलं, तक्त्याची घडी विस्कटली. जानेवारी २०२२ मध्ये राज्यातल्या महिला पोलिसांना प्रायोगिक तत्त्वावर आठ तासांची ड्युटी देण्याचा आदेश निघाला. तो स्वागतार्हच होता. पण पुरुष शिपायालाही म्हातारे आई-वडील असतात, शाळेतली मुलं असतात, आणि झोप तर सगळ्यांनाच लागते.

म्हणूनच ताणमुक्तीच्या शिबिरांबद्दल मला नेहमी काळजी वाटते. योग, प्राणायाम, व्याख्यान यातलं काहीही वाईट नाही. पण सभागृह भरायला माणसं कुठून येतात? रात्रपाळी उतरलेली किंवा साप्ताहिक सुट्टीवरची. गणवेशात, हजेरी लावून, मागच्या रांगेत डोळे मिटून बसलेली. त्यांच्या दृष्टीने तो आणखी एक बंदोबस्त असतो. आयोजकांनी एवढं एक करावं: शिबिर ड्युटीच्या वेळेत धरावं आणि त्यानंतर माणसाला घरी सोडावं.

तक्ता सुधारला तरी पंचनाम्यातले देह राहतातच, आणि त्यासाठी बोलायला माणूस लागतो. इथे दुसरी भिंत आडवी येते. ‘मला झोप येत नाही, वाईट विचार येतात’ असं वरिष्ठांना सांगितलं तर काय होईल? हत्यार काढून घेतील, साइड ब्रँचला टाकतील, बढतीच्या वेळी कुणीतरी हळूच विषय काढेल. ही भीती सगळीकडची आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांत १९९६ पासून पोप्पा नावाची संस्था काम करते. तिथे पोलीसच पोलिसाचं ऐकून घेतात, संस्था खात्याच्या बाहेरची आहे आणि सांगितलेलं खात्यापर्यंत जात नाही. तरीही २०१९ मध्ये त्या शहराने एका वर्षात दहा पोलीस आत्महत्येत गमावले. मदतीची सोय असणं आणि त्या सोयीवर विश्वास बसणं यांत बरंच अंतर असतं.

कधी कधी हत्यार काही दिवस बाजूला ठेवणं जीव वाचवण्यासाठी गरजेचं असतं. पण ते कसं घेतलं जातं, यावर सगळं अवलंबून आहे. सगळ्यांसमोर रोल कॉलला घेतलं तर ती शिक्षा. बंद खोलीत, परत कधी मिळेल ते सांगून घेतलं तर ते प्लॅस्टर, हाड जुळलं की निघणारं. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देतो, आणि त्यात खाकी कपड्यांना अपवाद केलेला नाही. हे किती ठाण्यांतल्या अंमलदारांना कुणी सांगितलं आहे?

ज्या ठाणेदारांच्या हाती हा लेख पडेल, त्यांना एक विनंती. पुढच्या महिन्याचा तक्ता पंचवीस तारखेलाच लावा, साप्ताहिक सुट्टी त्यात लाल शाईने लिहा, आणि ती बदलावी लागली तर बदली दिवस त्याच ओळीत लिहा. याला शासन निर्णय लागत नाही, नवी भरती लागत नाही. त्याच कागदाच्या तळाला टेलिमानसचा क्रमांक छापा: १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी फोन सेवा चालू आहे, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. तिथे बोलताना बक्कल नंबर सांगावा लागत नाही.