कान का वाजतात, आणि विजेने ते शांत होतात काय?

आपल्या संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य समितीकडे येणाऱ्या अर्जांत अलीकडे एक नवी मागणी दिसू लागली आहे. कान वाजण्याच्या विकारावर विजेच्या यंत्राचा उपचार करावयाचा आहे, तरी साहाय्य मिळावे, अशी ती मागणी. समितीने काय द्यावे हा प्रश्न आहेच. पण संस्थेने हातभार लावला तरी खर्चाचा मोठा वाटा घरातूनच जावयाचा असतो. म्हणून ह्या उपचाराचे खरे स्वरूप सभासद व त्यांची कुटुंबे ह्यांच्यापुढे साध्या शब्दांत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा विकार नवा नव्हे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे. बाहेर कोठेही आवाज नसता कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला रातकिड्यांची किरकिर, तर कुणाला वाफेचा फुसफुसाट. दिवसा कामाच्या गडबडीत तो दबतो. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की उसळून वर येतो. दुसऱ्या कुणाला तो ऐकू येत नाही, म्हणून घरच्यांना तो मनाचा खेळ वाटतो. दुखणाईताला आवाजापेक्षा हा अविश्वासच अधिक झोंबतो.

मग हा आवाज येतो कोठून? कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक पोकळी आहे. तिच्यात सुमारे १५ हजार केसल पेशी असतात. त्या ध्वनीच्या कंपनांचे विजेच्या सूक्ष्म संदेशांत रूपांतर करतात, आणि श्रवणाच्या मज्जातंतूवाटे ते संदेश मेंदूकडे जातात. वयाने, यंत्रांच्या व फटाक्यांच्या दणदणाटाने किंवा काही तीव्र औषधांनी ह्या पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. संदेश कमी येऊ लागले की मेंदू आपली ऐकण्याची ताकद वाढवितो. रेडिओचे केंद्र नीट लागेनासे झाले म्हणजे आपण आवाजाची कळ पिळतो. केंद्र तर लागत नाहीच, उलट खरखर मोठी होते. बहुतेक कर्णनादाचे मूळ असेच असावे, असे आजचे शास्त्र मानते. कानात तेल घालून तो का थांबत नाही, हे ह्यावरून कळेल. पूर्वी काही रोग्यांचा श्रवणाचा मज्जातंतूच कापून पाहिला गेला, तरीही पुष्कळांचा आवाज गेला नाही.

संदेश कमी झाल्याने आवाज वाढतो, तर ते संदेश परत पोचविल्यास तो उतरावा, हा विजेच्या उपचारामागचा विचार होय. कानाला वीज लावण्याचा पहिला प्रयोग व्होल्टाने स्वतःवरच केला व १८०० साली त्याची हकीकत लिहिली. त्याला डोक्यात धक्का बसला आणि दाट पदार्थ खदखदल्यासारखा आवाज आला. तो प्रयोग पुन्हा करण्याचे त्याने टाळले. पुढे १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो व एरिएस ह्यांनी एका पूर्ण बहिऱ्या रोग्याच्या श्रवणतंतूला शस्त्रक्रियेने विजेची तार जोडली. त्याच वाटेने आजचे कॉक्लिअर इम्प्लांट आले. त्यात कानाबाहेरचे यंत्र आवाज टिपते, कातडीखालील भाग तो ग्रहण करतो, आणि शंखात सरकविलेली बारीक तार मेलेल्या पेशींना वगळून थेट मज्जातंतूला चेतविते.

हे यंत्र बहिरेपणासाठी निघाले. परंतु ते बसविलेल्या अनेकांनी कान वाजणेही कमी झाल्याचे सांगितले. मग बेल्जममधील अँटवर्प येथे वान दे हेनिंग व त्यांचे सहकारी ह्यांनी एका कानाने बहिरे झालेल्या आणि त्याच कानातील नादाने हैराण असलेल्या २१ रोग्यांवर हा उपाय केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे, दहापैकी सरासरी ८.५ अंश वाटणारा आवाज दोन वर्षांनी २.५ अंशांवर आला होता.

मात्र येथेच सावध व्हावयास हवे. हे सर्व रोगी त्या कानाने बहिरे होते. तार आत सरकविताना उरलेले नैसर्गिक श्रवण नष्ट होऊ शकते; म्हणून ज्याला बऱ्यापैकी ऐकू येते त्याने केवळ कान वाजतो म्हणून ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. रात्री बाहेरचे यंत्र काढले की पुष्कळांचा आवाज परततो, आणि थोड्यांचा शस्त्रक्रियेनंतर वाढतोही. शिवाय खर्च लाखांच्या घरात जातो.

शस्त्रक्रियेविना वीज देण्याचेही प्रयत्न आहेत. कानाला ध्वनी व जिभेला विजेची सौम्य चुणचुण एकाच वेळी देणाऱ्या एका आयरिश यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली मान्यता दिली. काहींना त्याने आराम पडतो. परंतु तो समूळ इलाज नव्हे. जाहिरातीतील प्रत्येक विजेच्या पट्ट्याला ही मान्यता आहे, असेही कुणी समजू नये.

तेव्हा क्रम कोणता धरावा? एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. तेथे दिवस घालविणे महागात पडते. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तरीही तपासणी टाळू नये. इतरांनी प्रथम श्रवणाचा आलेख काढून घ्यावा. श्रवण मंदावले असल्यास साधे श्रवणयंत्रच पुष्कळांचा नाद झाकते, कारण तेही हरवलेले संदेशच परत आणते. रात्री पंख्याचा वा रेडिओचा मंद आवाज ठेवावा. मनाची तगमग कमी करणारे समुपदेशनही चांगलेच उपयोगी ठरले आहे. हे सर्व करून झाले आणि कान खरोखरच बहिरा असला, तरच इम्प्लांटचा विचार करावा.

म्हणून अर्जदारांनी अर्जासोबत श्रवणाचा आलेख अवश्य जोडावा, अशी आमची विनंती आहे. आणि घरच्या मंडळींस एवढेच सांगणे की, वडीलधारी माणसे कान वाजतो म्हणतील तेव्हा हसण्यावारी नेऊ नका. तो आवाज तुम्हांस ऐकू येणार नाही. पण त्यांचे म्हणणे तर ऐकू येईल. त्याला पैसा लागत नाही, आणि उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.