वाद कशासाठी?

आपल्याकडे ‘वाद’ म्हटले की भांडणच डोळ्यांपुढे येते. ‘उलट बोलू नकोस’ हा धडा तर आपण शाळेत जाण्याआधीच गिरवलेला असतो. परंतु न्यायदर्शनात वाद हा शब्द मोठ्या मानाचा आहे. सत्य कळावे म्हणून प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी छलाचाही आधार घेऊन केलेली ती जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडून काढणे ती वितंडा, असा भेद गौतमाच्या न्यायसूत्रांत केला आहे. गंमत अशी की, आपल्या रोजच्या बोलण्यात ‘वितंडवाद’ तेवढा टिकून राहिला!

छलाचे जुने उदाहरण मजेदार आहे. संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवे आणि नऊसुद्धा. एकजण म्हणतो, ‘हा मुलगा नवकंबल आहे.’ त्याला म्हणायचे असते, नवी घोंगडी पांघरलेला. दुसरा लगेच विचारतो, ‘नऊ कुठे आहेत? मला तर एकच दिसते!’

न्यायसूत्रांत हार ठरवणारी 22 निग्रहस्थानेही सांगितली आहेत. त्यांतले ‘अर्थांतर’ म्हणजे मूळ विषय सोडून भलतेच बोलणे. हे समजायला आम्हा सणसरच्या मुलांना पोथी नको. कालव्याच्या पाण्याची पाळी कुणाची, एवढाच प्रश्न असतो. आणि बोलणारा बांधाच्या जुन्या तंट्यावर, तिथून सोयरिकीवर जातो. आवाज चढतो, पण पाळी कुणाची ते ठरत नाही.

मग वादाचे नियम आले कोठून? माझ्या मते, ते वादाच्या हेतूतूनच आले. पाळी ठरवायची असेल, तर विषय सोडून चालत नाही. यावर कुणी म्हणेल, ज्याचा हेतूच जिंकणे आहे त्याला हे नियम का लागू व्हावेत? पण शब्दच्छल करणाऱ्यालाही ऐकणाऱ्याने आपले बोलणे युक्तिवाद म्हणून घ्यावे असेच वाटते. नियम पाळणारे कुणी नसतील, तर त्याची लबाडीही चालणार नाही. म्हणून हे नियम एकट्याच्या इच्छेचे नसून दोघांच्या सामाईक कामाचे आहेत. जल्प आणि वितंडा यांनाही न्यायसूत्रांनी जागा दिली आहे, पण ती कोवळ्या अंकुरांभोवतीच्या काटेरी कुंपणाची. पीक म्हणजे वादच.

एक प्रश्न मात्र मला या जुन्या नियमांपेक्षा मोठा वाटतो: बोलायला कोण बसणार? शतकानुशतके शूद्रातिशूद्रांना आणि बहुतेक स्त्रियांना शास्त्रार्थाच्या सभेत जागा नव्हती. ज्याने सोसले त्याचीच साक्ष नसेल, तर प्रमाण पुरे कसे होणार? जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन केले. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो, शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, हा त्यांचा मुद्दा होता. आणि सामान्यांच्या प्राथमिक शिक्षणाची त्यांची मागणी त्याच्याच बळावर उभी होती. आवाज न चढवता, विषय न सोडता केलेला हा वाद.

न्यायसूत्रांत वाद कुणाशी करावा तेही सांगितले आहे. त्या यादीत शिष्य आहे, सहाध्यायी आहे आणि गुरूही आहे. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजला आलेले आमच्यासारखे विद्यार्थी वर्गात शंका विचारताना अजून चाचरतात; प्राध्यापकांनी कृपया या यादीची नोंद घ्यावी.