उभी गाडी, उतरलेली बॅटरी आणि संशोधनाचा प्रश्न

पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करताना सगळ्यात जास्त अडतं ते 'संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा' इथे. आज आपण घराच्या अंगणातलाच एक प्रश्न घेऊ.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अजिंठा, पाटणादेवी, तोरणमाळ अशा ठिकाणी झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन जायची, ही कल्पना छानच आहे. पण अशी गाडी वर्षातले बरेच महिने उभीच असते. कॅरॅव्हॅन सोडा, जळगाव-धुळ्यात कितीतरी घरांसमोर कापडाखाली झाकलेली कार दिसते, कारण घरातली माणसं नोकरीसाठी पुण्याला नाही तर सुरतेला. दिवाळीला आले की किल्ली फिरवायची आणि 'टक्' एवढाच आवाज. मग धक्का मारायला गल्लीतली पोरं बोलवा!

कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आपल्याकडचं ऊन किती, बॅटरी उतरणारच." आणि उपायही ठरलेला: "आठवड्यातून एकदा दहा मिनिटं गाडी चालू ठेवायची." ही दोन्ही विधानं तपासता येतात. तेच आपण करू.

आधी आत काय घडतं ते पाहू

गाडीतली नेहमीची बॅटरी शिसे-आम्ल प्रकारची असते. गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ मध्ये बनवली. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि आम्ल पातळ होतं. चार्ज केलं की हीच क्रिया उलट होते. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर सल्फेटचे बारीक स्फटिक मोठे आणि टणक होत जातात. ते मग सहज विरघळत नाहीत, म्हणजे बॅटरीची क्षमता कायमची घटते. खरं नुकसान हे आहे. धक्का मारून गाडी सुरू होईल, पण ही क्षमता परत येत नाही.

आता हिशोब

समजा बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे. ती दोन वाटांनी उतरते.

१) गळती: गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक, संगणक थोडा प्रवाह घेतच असतात. तो ३० मिलिअँपिअर धरू. २४ तासांचे झाले ०.७२ अँपिअर-तास.

२) स्वतःहून उतरणं: २५ अंशांना महिन्याला ४ टक्के धरू, म्हणजे रोज ०.०६. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यातले ४५ अंश धरले तर चौपट, म्हणजे ०.२४. तेही रात्र थंड होत नाही असं मानून!

म्हणजे सगळ्यात वाईट स्थितीतही उन्हाचा वाटा गळतीच्या एक तृतीयांश. आठवड्याची एकूण तूट साधारण ६.७ अँपिअर-तास.

आता दहा मिनिटांचा उपाय. इंजिन संथ चालू असताना बॅटरीत १० अँपिअर जातात असं धरलं, तर १० मिनिटांत १.७ अँपिअर-तास भरतात. त्यातून स्टार्टरने घेतलेले सुमारे ०.१ वजा करा. तूट ६.७ आणि भरणा १.६! दर आठवड्याला पाचेक अँपिअर-तासांचा खड्डा उरतोच. महिन्याभरात बॅटरी अर्ध्यावर येईल, आणि पेट्रोल जळालं ते वेगळंच.

याउलट निगेटिव्हची वायर काढून ठेवली तर गळती शून्य होते. दोन महिन्यांत फार तर १४ अँपिअर-तास जातील. एका पान्याचं काम! (घड्याळ, रेडिओची सेटिंग मात्र पुन्हा करावी लागेल.)

मग ऊन निर्दोष आहे का?

नाही. इथेच नीट लक्ष द्या. 'बॅटरी उतरणं' आणि 'बॅटरी खराब होणं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उष्णतेने आतल्या जाळ्या लवकर गंजतात, म्हणून आयुष्य घटतं. शिवाय तापमान वाढलं की चार्जिंगचा व्होल्टेज कमी ठेवावा लागतो, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण ०.०२ व्होल्ट. २५ अंशांसाठी १३.६ व्होल्टवर लावलेला चार्जर ४५ अंशांना १३.२ च्या आसपास हवा. नाहीतर पाणी उडतं.

सौर पॅनल लावायचं असेल तर १० वॅटचं छोटं पॅनलही पुरतं. दिवसाला पाच तास चांगलं ऊन धरलं तर ५० वॅट-तास मिळतात. निम्मे वाया गेले तरी बॅटरीत साधारण २ अँपिअर-तास जातात आणि रोजची तूट आहे एकाहून कमी. मात्र मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, आणि पॅनल पत्र्याच्या शेडबाहेर हवं. कॅरॅव्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या असतात, इंजिनची आणि आतल्या दिवे-फ्रिजची. बऱ्याचदा पॅनल फक्त दुसरीला जोडलेलं असतं आणि पहिली गुपचूप उतरते. जोडणी आधी बघून घ्या.

तुमच्यासाठी काम

वरच्या हिशोबात ३० मिलिअँपिअर, ४ टक्के, १० अँपिअर ही माझी गृहीतकं आहेत. त्यातलं कोणतं बदललं तर निष्कर्ष उलटतो? जुन्या गाडीत अलार्मच नसेल आणि गळती ५ मिलिअँपिअर असेल, तर ऊन पहिल्या क्रमांकावर येईल. म्हणून आधी मोजा. मल्टिमीटर निगेटिव्ह वायरीच्या मार्गात, म्हणजे सिरीजमध्ये जोडा, दारं बंद ठेवा आणि गाडीतला संगणक झोपेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबा. मीटर जोडलेलं असताना गाडी सुरू करू नका, फ्यूज उडेल.

मग दर आठवड्याला, पहाटे, त्याच वेळी व्होल्टेज नोंदवा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२.० म्हणजे चार्जिंगला उशीर झालाय. एक गाडी वायर जोडून आणि एक वायर काढून ठेवली तर तुलना मिळते. पण दोन गाड्यांवरून 'सिद्ध झालं' लिहू नका, कारण बॅटरीचं वय वेगळं असू शकतं.

"उन्हामुळे बॅटरी उतरते का?" हा गप्पांचा प्रश्न झाला. "अमुक गळती आणि अमुक तापमान असताना उभ्या गाडीची बॅटरी किती दिवसांत अर्ध्यावर येते?" हा संशोधनाचा. मुलाखतीला जाताना तुमच्या विषयाचं एक वाक्य असं बदलून पाहा, आणि जमलं तर खाली लिहा.