सहा आणि नऊ खोडा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो, गोव्याचा महामार्ग पनवेलहून फुटतो. अशा ठिकाणी अपघातात डोक्याला मार लागलेले रुग्ण नवे नाहीत. टाके निघतात, स्कॅन ‘नॉर्मल’ येतो, माणूस नीट बोलतोही. पण घरचे सांगतात, ‘हातातलं काम अर्ध्यात सोडून देतात.’ मग लक्षाची चाचणी होते. कागदावर आकड्यांच्या ओळीच ओळी असतात. त्यातले फक्त ६ आणि ९ पेन्सिलीने खोडायचे, भराभर, एकही न सोडता. मानसतज्ज्ञ लागलेला वेळ टिपतो. सुटलेले आणि चुकून खोडलेले आकडे वेगळे मोजतो. खरी माहिती या वेगळ्या मोजणीतच आहे. एक जण संथ पण बिनचूक असतो. दुसरा झपाट्याने उतरतो आणि खालच्या ओळींत गाळत सुटतो. दोघांची तक्रार एकच, बिघाड मात्र बहुधा निराळा. अनुभवी डॉक्टरला हे बोलण्यातूनच कळतं, असं म्हणणारे आहेत. पण दहा मिनिटांच्या गप्पांत डॉक्टरच प्रश्न विचारून रुग्णाचं लक्ष जागेवर आणत असतो. कागद तशी मदत करत नाही.

तरीही आलेला आकडा म्हणजे मेंदूचं माप नव्हे. कागदावरचे अंक इंग्रजी वळणाचे असतात, आणि इंग्रजी नऊ थेट मराठी १ सारखा दिसतो. मराठी अंकांवर शिकलेल्या, पेन्सिल सुटून वर्षं झालेल्या शेतकऱ्याला तिथे अडखळायला लक्षाचा दोष लागत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात याही चाचणीसाठी वय, शिक्षण आणि स्त्री-पुरुष यांनुसार तुलनेचे निकष दिले आहेत, मग अडचण कुठली, असं कुणी विचारेल. ते निकष हवेतच. पण ‘शालेय शिक्षण’ या एका रकान्यात दहावी होऊन दुकानाचं खातं लिहिणारा आणि शाळेनंतर पेन न धरलेला दोघेही बसतात. शिक्षणाचा असा अडसर टाळताही येतो: हरियाणातल्या बल्लभगडच्या ग्रामीण वृद्धांसाठी मानसिक क्षमतांची चाचणी हिंदीत बेतली, तेव्हा शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. ही सवलत नव्हती. गणिताची परीक्षा टाळून लक्ष मोजणं होतं.

म्हणून अहवालात गुणांशेजारी रुग्ण कोणत्या लिपीत शिकला आणि रोज काय लिहितो, हेही नोंदलं पाहिजे. घरच्यांनी चाचणीला येताना चष्मा आणावा, आणि रात्री झोप झाली नसेल किंवा गुंगीची गोळी घेतली असेल, तर पेन्सिल हातात देण्यापूर्वीच सांगावं.