छोट्या स्पोर्ट्स कारला टर्बो बसवावा का?

माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची मोटार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. अमेरिकेत ती ‘मियाटा’ या नावाने प्रसिद्ध आहे. वजन सुमारे ९६० किलो, इंजिन १.६ लिटरचे, शक्ती ११६ अश्वशक्ती आणि जोर मागच्या चाकांवर, असे तिचे साधे सूत्र होते. २०१६ मध्ये या मोटारीच्या निर्मितीने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. वळणाच्या रस्त्यावर तिच्याइतका आनंद देणाऱ्या मोटारी थोड्याच असतील, याविषयी जाणकारांत फारसा मतभेद नाही. मात्र हीच मोटार महामार्गावरच्या लांब चढाला लागली, की शेजारून एखादी चार दारांची घरगुती गाडी सहज पुढे निघून जाते आणि मालकाच्या मनात एक प्रश्न घर करतो : या इंजिनाला टर्बो बसवला तर?

प्रश्न नवा नाही. गेली तीन दशके या मोटारीचे मालक तो विचारत आले आहेत आणि टर्बोचे तयार संचही बाजारात तेव्हापासून मिळत आहेत. संच बसवता येतो का, याचे उत्तर ‘होय’ असेच आहे. तो बसवावा का, हा प्रश्न मात्र वेगळा असून त्याचे उत्तर टर्बोपेक्षा मोटारीच्या उरलेल्या भागांत आणि मालकाच्या खिशात शोधावे लागते.

फुकटची शक्ती?

पेट्रोल इंजिनाची शक्ती, ते एका फेऱ्यात किती हवा आत घेते यावर ठरते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे असते. ते जाळण्यासाठी लागणारी हवा मिळवणे अवघड. साधे इंजिन वातावरणाच्या दाबावर अवलंबून असते. टर्बोचार्जरमध्ये इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एक पाते फिरवतो आणि त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे पाते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. आल्फ्रेड ब्यूची या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते. एरवी वाया जाणारी ऊर्जा कामी लागत असल्यामुळे ‘फुकटची शक्ती’ असे टर्बोचे वर्णन केले जाते. हे वर्णन फसवे आहे.

हवा दाबली की ती तापते, हे सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने धरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. ३० अंश सेल्सिअस तापमानाची हवा वातावरणाच्या दीडपट दाबापर्यंत दाबली, तर टर्बोतून बाहेर पडताना तिचे तापमान साधारण ८५ ते ९० अंशांवर जाते. तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे दाब ५० टक्क्यांनी वाढला, तरी प्रत्यक्षात आत जाणारी हवा जेमतेम २५ टक्के जास्त भरते. वाटेत इंटरकूलर, म्हणजे हवा थंड करणारी जाळी, बसवली तर हा आकडा ४० टक्क्यांच्या आसपास नेता येतो. इंटरकूलर टाळून पैसे वाचवू पाहणारा मालक टर्बोचा एक तृतीयांशाहून अधिक लाभ तिथेच सोडून देतो.

खरा धोका मात्र त्या उष्णतेचाच आहे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगीपासून सुरू होऊन एका लयीत जळत जाणे अपेक्षित असते. दाब आणि तापमान मर्यादेबाहेर गेले, की ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण एकदम भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. कानाला तो डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज वाटतो. साध्या इंजिनात चढावर क्षणभर होणारे नॉकिंग बहुधा निभावून जाते. टर्बोच्या दाबाखाली तेच काही सेकंद चालले, तर पिस्टनची कड फुटते किंवा त्यावरील रिंग तुटते. टर्बो बसवल्यावर बिघडलेल्या इंजिनांचा दोष बहुतेक वेळा टर्बोला दिला जातो. वास्तविक ती इंजिने इंधनाच्या आणि ठिणगीच्या चुकीच्या हिशेबाने निकामी झालेली असतात.

ओल्ड्समोबिलचा धडा

या विषयातला सर्वांत बोलका दाखला खुद्द जनरल मोटर्सचा आहे. १९६२ मध्ये या कंपनीच्या ओल्ड्समोबिल विभागाने ‘जेटफायर’ ही टर्बो असलेली मोटार बाजारात आणली. इंजिन साडेतीन लिटरचे, आठ सिलिंडरचे आणि शक्ती २१५ अश्वशक्ती. त्याचा कॉम्प्रेशन रेशो १०.२५ इतका चढा ठेवला होता. सिलिंडरमधले मिश्रण पेटण्यापूर्वी किती पटींनी दाबले जाते, ते हा आकडा सांगतो. मुळात इतके दाबणाऱ्या इंजिनाला टर्बो जोडला, की नॉकिंग होणार हे अभियंत्यांना ठाऊक होते. त्यांनी उपाय काढला तो शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाचा. ते वेगळ्या टाकीत भरायचे आणि गरज पडेल तेव्हा ते इंजिनात फवारले जायचे.

उपाय अचूक होता. तो पेलायला मालक तयार नव्हते. टाकी भरायची राहून जाई, मग सुरक्षा झडप टर्बोचा दाब रोखून धरी आणि मोटार मंदावल्याची तक्रार येई. १९६३ नंतर जेटफायर बंद झाली. पुढे १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून त्या जागी साधा कार्बोरेटर बसवून देण्याची सोय केली आणि अनेक मालकांनी तिचा लाभ घेतला. कारखान्यात, पगारी अभियंत्यांनी, चाचण्या घेऊन केलेल्या कामाची ही गत. घरच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवारी टर्बो जोडणाऱ्याने हा इतिहास नजरेआड करू नये.

जेटफायरच्या तुलनेत एमएक्स-५ चे पहिले इंजिन सुदैवी म्हणावे लागेल. त्याचा कॉम्प्रेशन रेशो ९.४ आहे. शिवाय त्याच कुळातील १.६ लिटरचे इंजिन माझ्दाने ‘३२३’ या मोटारीत टर्बोसह वापरले होते. तेथे मात्र कंपनीने तो रेशो ७.९ इतका उतरवला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कंपनीने टर्बोसाठी पिस्टन बदलले. संच विकत घेणारा मालक पिस्टन तेच ठेवतो. म्हणून त्याला दाब माफक ठेवावा लागतो, ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते आणि चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल भरावे लागते. अमेरिकेत अनेक राज्यांत पंपावर ९३ ऑक्टेनचे पेट्रोल मिळते, तर कॅलिफोर्नियात सहसा ९१ चे. एकाच संचाने एका राज्यात दिलेली शक्ती दुसऱ्या राज्यात सुरक्षितपणे मिळेलच असे नाही.

इंधनाचा पुरवठा हा पुढचा प्रश्न. पूर्ण दाबाखाली टर्बो इंजिनाला हवेच्या साडेअकरा ते बारा भागांस पेट्रोलचा एक भाग, असे जरा गडद मिश्रण लागते. ११६ अश्वशक्तीच्या हिशेबाने निवडलेले इंजेक्टर तेवढे पेट्रोल देऊ शकत नाहीत. सुरुवातीच्या संचांत इंधनाचा दाब वाढवून ही उणीव भरून काढली जाई. तो मार्ग चालतो, पण बेभरवशाचा आहे. आता मोठे इंजेक्टर आणि स्वतंत्र संगणक बसवून, प्रत्येक वेगाला व दाबाला किती पेट्रोल आणि ठिणगी केव्हा, हे जाणकाराकडून ठरवून घेतले जाते. संचाच्या किमतीत हा खर्च धरलेला नसतो. तो परवडत नसेल, तर टर्बोचा विचार तिथेच थांबवावा हे उत्तम.

आधी काय बदलावे लागते

इंजिन तगले तरी शक्ती चाकांपर्यंत पोहोचवणारी साखळी असते. १९९० ते १९९३ या काळातील १.६ लिटरच्या मोटारींचे मागचे डिफरन्शियल लहान आहे. १९९४ मध्ये १.८ लिटरचे इंजिन आले तेव्हा कंपनीने ते मोठे केले. मूळ क्लच वाढीव जोर फार काळ सोसत नाही. पहिल्या दीड-दोन वर्षांतील इंजिनांच्या क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड असून तेथील चावीची खाच झिजण्याचा दोष त्यांत आढळतो. अशा इंजिनावर टर्बोचा खर्च करणे म्हणजे भेगाळलेल्या पायावर मजला चढवणे होय. चाकांपाशी २०० ते २३० अश्वशक्तीपलीकडे जायचे, तर कनेक्टिंग रॉडही बदलावे लागतात. मग इंजिन पूर्ण उघडणे आले.

उष्णतेचा उल्लेख पुन्हा करावा लागतो. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो आणि त्याची हवा अडवतो. तीस वर्षांपूर्वीचा रेडिएटर, झिजलेले रबरी नळ आणि उन्हाळ्यातील चढ हे तिन्ही एकत्र आले, की तापमानाचा काटा वर जाऊ लागतो. टर्बोच्या दांड्याला इंजिनाचेच तेल लागते. जोरात आलेली मोटार थांबताक्षणी बंद केली, तर ते तेल तिथल्या तिथे जळून काजळी धरते. मिनिटभर इंजिन संथ चालू ठेवणे हा साधा उपाय, पण घाईत तो नेमका विसरला जातो.

कारखाने हे काम कसे करतात, ते पाहिले म्हणजे खर्चाचा अंदाज येतो. १९९० च्या सुमारास ब्रिटनमध्ये बीबीआर या कंपनीने बसवलेला टर्बो माझ्दाच्या विक्रेत्यांकडून मिळत असे. त्याची मर्यादा १५० अश्वशक्ती होती. २००४ मध्ये माझ्दाने अमेरिकेसाठी स्वतःच ‘माझ्दास्पीड’ ही टर्बो आवृत्ती काढली. १४२ वरून १७८ अश्वशक्ती, म्हणजे केवळ पाव हिस्सा वाढ. तेवढ्यासाठीही कंपनीने इंटरकूलरबरोबर क्लच, चाकांना जोर नेणारे दांडे, स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर बदलले. महाराष्ट्रातले उदाहरण द्यायचे तर पुण्याजवळील रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेल्या आणि २०१५ मध्ये आलेल्या अबार्थ पुंटोचे देता येईल. १.४ लिटरच्या टर्बो इंजिनातून १४५ अश्वशक्ती काढताना तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक देण्यात आले. वेग वाढवणाऱ्याने थांबण्याची सोय आधी केली होती.

इतके करूनही एक गोष्ट बदलते, ती म्हणजे मोटारीचा स्वभाव. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली ही मोटार घडली, तेव्हा घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत या अर्थाचे ‘जिन्बा इत्ताई’ हे जपानी वचन त्यांनी पुढे ठेवले होते. पाय हलवताच इंजिनाने उत्तर द्यावे, हे त्यात अभिप्रेत आहे. टर्बोचे पाते वेग घेईपर्यंत क्षणभर काही घडत नाही आणि मग जोर एकदम येतो. लहान टर्बो निवडला तर हा विलंब जवळजवळ जाणवत नाही, पण वरच्या वेगात त्याचा दम संपतो. मोठा निवडला तर उलट. घाटात मधोमध, वळण अजून सुटायचे असताना, मागच्या चाकांवर अचानक आलेला जोर नवख्या चालकाला महागात पडू शकतो. सरळ रस्त्यावरील चढ ही ज्याची तक्रार आहे, त्याला टर्बो समाधान देईल. वळणांसाठी मोटार घेणाऱ्याने तेच पैसे टायर, ब्रेक आणि शॉक अॅब्सॉर्बरवर घातले, तर ती अधिक वेगवान झाल्याचा अनुभव त्याला येईल.

कायद्याचा अडसर ठिकाणानुसार बदलतो. कॅलिफोर्नियात, जिथे मराठी कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे, इंजिनाच्या अशा जोडभागाला राज्याच्या हवा मंडळाची सूट असल्याचा क्रमांक लागतो. तो नसेल तर धूर कितीही स्वच्छ असला, तरी ठरावीक मुदतीने होणाऱ्या प्रदूषण तपासणीत मोटार नापास होऊ शकते. भारतातील नियम आणखी कडक आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अपघातानंतर विमा कंपनी न सांगितलेल्या बदलाकडे बोट दाखवते. त्यामुळे येथे टर्बोची हौस असणाऱ्याने कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली मोटार निवडणे शहाणपणाचे.

जिथे कायदा आड येत नाही, तिथे निर्णयाची सुरुवात चारही सिलिंडरचा दाब मोजण्यापासून करावी. एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांच्या मानाने स्पष्टपणे कमी आला, तर टर्बोचे पैसे इंजिनाच्या दुरुस्तीकडे वळवावेत. चारही सारखे आले, तर संच, संगणक, क्लच, रेडिएटर आणि कारागिराची मजुरी यांची बेरीज करून त्याच्या शेजारी एका जुन्या पण धडधाकट इंजिनाची किंमत लिहावी. ती किंमत वेळ पडल्यास खर्च करण्याची तयारी नसेल, तर मोटार आहे तशी चालवणे बरे. काम करायचेच ठरले, तर मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, इंजेक्टर आणि संगणक खोक्यात नीट बांधून ठेवावेत. पहिल्या पिढीच्या मूळ स्थितीतील एमएक्स-५ आता संग्राहक शोधू लागले आहेत आणि विकण्याच्या दिवशी घेणारा त्या खोक्याबद्दल विचारतो.