सायप्रसमधील विवाहपूर्व थॅलेसेमिया तपासणी : एक मागोवा

भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर १९७० च्या दशकात बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे जे संकट उभे राहिले, त्याचे मूळ तिथे शतकानुशतके ठाण मांडून बसलेल्या हिवतापात होते. कारण या विकाराचे सदोष जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच मिळालेल्या व्यक्तीला, म्हणजे ‘वाहका’ला, आजार होत नाही, उलट हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, आणि त्यामुळे दर सात रहिवाशांमागे सुमारे एक जण वाहक होता. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्याला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा रुग्णाला सतत रक्त द्यावे लागते आणि त्यातून शरीरात साचणारे लोह काढण्यासाठी औषधही. उपचार सुधारून रुग्ण अधिक काळ जगू लागले, तेव्हा रक्त आणि पैसा दोन्ही अपुरे पडणार हे दिसू लागले.

वाहकांनी परस्परांशी लग्न करू नये, हा पहिला सल्ला कोणी मानला नाही. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस येथे सिकलसेल या तशाच आनुवंशिक रक्तविकाराबाबत असाच प्रयोग आधी झाला होता. तिथे वाहकांना बट्टा लागला, काहींनी लग्न ठरताना तपासणीचा निकाल लपवला, आणि दोन्ही वाहक असलेली जोडपी कमी झाली नाहीत. स्थळे पाहून सोयरीक जुळवणाऱ्या समाजाला याचे नवल वाटू नये.

चित्र पालटले ते गर्भाच्या रक्ताची तपासणी करून जन्मापूर्वीच निदान करणे शक्य झाल्यावर. आरंभी त्यासाठी जोडप्यांना लंडनला जावे लागे. १९८३ मध्ये, गर्भपाताला विरोध असलेल्या ऑर्थोडॉक्स चर्चने विवाहासाठी तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक केले, आणि दशक संपेपर्यंत रुग्णबालकांचे जन्म जवळजवळ थांबले. याचे श्रेय सर्रास चर्चला दिले जाते, परंतु जन्मांतील घट त्याआधीच सुरू झाली होती. शिवाय दोघेही वाहक निघाले तरी बहुसंख्य जोडप्यांनी लग्न मोडले नाही. बदलला तो त्यांचा लग्नानंतरचा, गर्भाची तपासणी करून घेण्याचा आणि गरज पडल्यास गर्भपाताचा, निर्णय.

आपल्याकडे विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेलचा प्रश्न जुना आहे, आणि २०२३ पासूनच्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासलेल्या व्यक्तीला तिचा निकाल नोंदवलेले कार्ड दिले जाते. सायप्रसच्या प्रमाणपत्रावर मात्र तपासणी झाली आणि सल्ला दिला गेला एवढीच नोंद असे; वाहक कोण, हे त्यावर लिहिले जात नसे.