तिकिटात सीट आहेच! स्वस्त विमानप्रवासातल्या जागेविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपूरच्या माणसाला लांबच्या प्रवासाची सवय रेल्वेने लावली. विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट कन्फर्म झालं की डबा आणि बर्थचा नंबर त्यासोबतच येतो, त्याचे वेगळे पैसे कुणी मागत नाही. तोच माणूस सोनेगाव विमानतळाहून पुण्याला किंवा मुंबईला विमानाने निघतो, तेव्हा तिकिटाचे पैसे भरून झाल्यावरही सीटचा रकाना रिकामाच दिसतो. मोबाइलवर रंगीत नकाशा उघडतो. जवळजवळ प्रत्येक चौकोनावर किंमत लिहिलेली असते. दीडशे-दोनशेपासून सुरू होणारे हे आकडे पुढच्या रांगांमध्ये आणि जास्त पायजागेच्या सीटवर बरेच चढतात. चौघांचं कुटुंब असेल तर जाता-येता हजार-दोन हजार रुपये सहज निघून जातात, आणि पुष्कळदा ते सोयीपेक्षा भीतीपोटी जातात. भीती एकच असते : सीट नाही घेतली तर बसायला मिळेल ना?

गैरसमज : सीट विकत घेतल्याशिवाय वेब चेक-इन होत नाही

हा सगळ्यात महागात पडणारा समज आहे. प्रवासी म्हणून मिळणारी सीट तुमच्या भाड्यातच आहे. कंपनी जादा पैसे घेते ते जागा आपल्या पसंतीने निवडण्याचे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०१५ मध्ये कंपन्यांना काही सेवा मूळ भाड्यापासून वेगळ्या काढून त्यांचं शुल्क घ्यायची मुभा दिली. पसंतीची सीट ही त्यातली एक. पण या सेवा प्रवाशाने स्वतः मागितल्या तरच लावायच्या, त्याच्या नकळत आधीच जोडून ठेवायच्या नाहीत, असं बंधनही आहे. ज्यांनी वेब चेक-इनसाठी सीट निवडलेली नाही, त्यांना विमान सुटण्याआधी आपोआप सीट देण्याची तरतूद त्याच नियमांत आहे.

हा गोंधळ वाढला तो नोव्हेंबर २०१८ मध्ये. वेब चेक-इन करताना सगळ्याच सीटना शुल्क लागेल, असं इंडिगोने जाहीर केलं आणि देशभर ओरड झाली. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने हे नियमांत बसतं का ते तपासू असं सांगितलं, आणि विमानतळावर सीट मोफत मिळेल असा खुलासा कंपनीने केला. ती बातमी लोकांच्या लक्षात राहिली, खुलासा मात्र विसरला गेला. पुढे जुलै २०२२ मध्ये मंत्रालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी कंपनीने वेगळे पैसे घेऊ नयेत.

तेव्हा सीटचा नकाशा आला की लगेच पैसे भरू नका. आधी पान खालपर्यंत नीट वाचा. सीट न निवडता पुढे जाण्याचा पर्याय असतो, फक्त तो मोठ्या रंगीत बटणासारखा ठळक नसतो. नकाशात शून्य रुपये लिहिलेल्या काही सीटही सापडतात, बहुतेक मागच्या रांगांमधल्या आणि मधल्या. काहीच जमलं नाही तर काउंटर आहेच.

गैरसमज : चेक-इन उघडताच धावलं की चांगली सीट फुकट मिळते

इंडिगोचं वेब चेक-इन देशांतर्गत विमानासाठी सुटण्याच्या ४८ तास आधी उघडतं. लोक गजर लावून बसतात. पण त्या वेळी खिडकीच्या आणि वाटेकडच्या बहुतेक जागा अजून विकाऊ असतात. ज्या जागेचे पैसे मिळू शकतात ती जागा कंपनी दोन दिवस आधी फुकट का देईल? म्हणून अगदी सुरुवातीला आपोआप मिळणारी सीट बहुधा मधली किंवा मागची असते. सुटायची वेळ जवळ येते, तशा न विकल्या गेलेल्या चांगल्या जागाही वाटाव्याच लागतात. एकट्याने जाणाऱ्याने थोडं थांबून चेक-इन केलं, तर खिडकी मिळण्याची शक्यता वाढते ती यामुळे.

पण थांबण्याला मर्यादा आहे, आणि इथे मला आग्रहाने सांगायचं आहे. दिवाळीनंतर पुण्याला परतणारी गर्दी असो की लग्नसराईतले शनिवार-रविवार, भरलेल्या विमानात शेवटपर्यंत थांबणं धोक्याचं आहे. कंपन्या कधी कधी असलेल्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात, आणि सगळेच आले तर कुणाला तरी खाली राहावं लागतं. अशा वेळी कंपनीने आधी स्वखुशीने मागे राहणारे प्रवासी शोधायचे असतात. तरीही वेळेवर आलेल्या, कन्फर्म तिकीट असलेल्या माणसाला नाकारलंच, तर मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान द्यायचं, नाहीतर भरपाई. चोवीस तासांच्या आतलं विमान दिलं तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, कमाल २०,००० रुपये. नियम चांगला आहे, पण लग्नाचा मुहूर्त काही भरपाईने परत येत नाही. गर्दीच्या दिवसांत जी सीट मिळेल ती घेऊन बोर्डिंग पास हातात ठेवावा. एरवीच्या मंगळवार-बुधवारी दुपारच्या विमानाला मात्र थोडं थांबून पाहायला हरकत नाही.

गैरसमज : पैसे न भरल्यास लहान मुलाला वेगळं बसवतात

आईबापांकडून सर्वाधिक पैसे निघतात ते या भीतीने, आणि म्हणून हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने कंपन्यांना स्पष्ट आदेश दिला : बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्यायची आणि तशी नोंद ठेवायची. मुलाजवळ बसण्यासाठी आईने पैसे भरायची गरज नाही.

यात ‘त्याच पीएनआरवर’ हे शब्द कळीचे आहेत. आपल्याकडे कुटुंबाची तिकिटं अनेकदा तुकड्यांत निघतात. बाबांचं तिकीट ऑफिसमधून, आई आणि मुलांचं एजंटकडून, आजीचं नंतर आठवल्यावर. अशा वेळी संगणकाला ही माणसं एका घरची आहेत हे कळतच नाही. तुकडे पाडण्यामागे एक खरं कारणही असतं. स्वस्त दराच्या दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चौघांचं तिकीट एकदम मागितलं, तर सामान्यतः चौघांनाही वरचा दर लागतो. दोन-दोन करून काढलं तर पहिल्या दोघांचं स्वस्तात होतं. मोठ्या माणसांनी असं जरूर करावं. पण प्रत्येक मूल आणि त्याच्याजवळ बसणारं मोठं माणूस एकाच पीएनआरवर हवं. हा आदेश एका पालकापुरता आहे, हेही ध्यानात ठेवा. चौघांना एकाच रांगेत बसवायची हमी त्यात नाही.

गैरसमज : पुढची सीट म्हणजे चांगली सीट

जादा पैसे मोजून पुढे बसणारा लवकर उतरतो, हे पुष्कळदा खरं असतं. पण विमान कोणतं आहे हे न पाहता तसं ठरवू नये. नागपूरहून इंदूरसारख्या जवळच्या शहरांना जाणारी काही विमानं पंख्यांची, एटीआर जातीची असतात. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ सीट असतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. म्हणजे मधली सीट हा प्रकारच नाही. फुकट मिळालेली कुठलीही जागा एकतर खिडकीची किंवा वाटेकडची. शिवाय या विमानात प्रवाशांचा दरवाजा मागे असतो आणि पुढच्या भागात सामान ठेवतात. तिथे मागे बसलेला सगळ्यात आधी उतरतो. पंख छताच्या उंचीवर असल्याने जवळजवळ कुठूनही खालची जमीन मोकळी दिसते. पंख्यांच्या सरळ रेषेत आवाज जास्त येतो, म्हणून शांत बसायचं असेल तर मागची फुकट जागाच बरी.

मोठ्या एअरबस विमानातही, जिथे पुढून आणि मागून दोन्हीकडे शिडी किंवा रॅम्प लागतो, तिथे शेवटच्या रांगांतली माणसं मागून झटपट बाहेर पडतात. अडचण होते ती मधल्या रांगांची. आणि सामान बेल्टवर येणार असेल, तर पुढचा आणि मागचा दोघंही शेवटी एकाच बेल्टपाशी उभे राहतात.

आपत्कालीन दाराजवळच्या सीटला पाय पसरायला जागा असते हे खरं, पण ती आरामखुर्ची समजू नये. तिथे बसणाऱ्याकडून गरज पडल्यास दार उघडण्याची अपेक्षा असते, म्हणून मुलं, गर्भवती स्त्रिया आणि हालचालीत अडचण असलेली माणसं यांना ती मिळत नाही. इंडिगोच्या ए-३२० विमानात ही दारं १२ आणि १३ या रांगांशी येतात. दाराची वाट अडू नये म्हणून दारापुढच्या रांगेची पाठ मागे झुकत नाही. तेव्हा ११व्या रांगेतली सीट कुणी ‘चांगली’ म्हणून विकली, तर आधी विचार करावा.

खिडकीचे पैसे भरूनही खिडकी न मिळण्याचे प्रसंग येतात. बोइंग ७३७ मध्ये डाव्या बाजूला पंखाच्या थोडं पुढे एका जागी खिडकीच नसते, कारण थंड हवा छताकडे नेणारी नळी तिथून वर जाते. एअर इंडिया एक्स्प्रेसकडे ही विमानं आहेत. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो पाहून मग ठरवावं.

गैरसमज : ११ए ही सुरक्षित सीट

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या भीषण अपघातात विमानातला एकच प्रवासी वाचला. तो ११ए वर बसला होता. त्यानंतर लोक हा नंबर मागू लागले. मनाला आधार शोधणं मी समजू शकते, पण ते बोइंग ७८७ होतं आणि त्यात ही सीट आपत्कालीन दाराला लागून होती. ए-३२० मध्ये ११ए दाराच्या पुढे, पाठ न झुकणाऱ्या रांगेत येते. नंबर एकच, जागा वेगळी. मागच्या सीट अधिक सुरक्षित असं जुन्या अपघातांच्या आकडेवारीवरून सांगणारे लेख आहेत. पण प्रत्येक अपघात वेगळा असतो आणि त्यावरून कुठल्याही सीटची हमी देता येत नाही. या कारणासाठी पैसे भरू नका. हेलकावे कमी लागावेत असं वाटत असेल, तर पंखाजवळची जागा बघावी. तिथे हेलकावा खरोखरच कमी जाणवतो.

गैरसमज : बोर्डिंग पास आल्यावर काही बदलत नाही

काउंटरवरच्या माणसाला विचारायला लोक उगीच लाजतात. वेळेच्या आधी जा, नीट विचारा. गुडघे दुखणाऱ्या आईसाठी वाटेकडची सीट मागायला संकोच कशाला? जागा असेल तर ती बदलून मिळते. देशांतर्गत विमानासाठी इंडिगोचं काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी आणि गेट २५ मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे शेवटच्या क्षणी पोचणाऱ्याला विचारायला वेळच उरत नाही. विमानात बसल्यावरही, दारं बंद झाली आणि शेजारची रांग रिकामी दिसली, तर कर्मचाऱ्यांना विचारून तिकडे बसता येतं. जास्त पायजागेच्या सीट वगळून, कारण त्या विक्रीच्या आहेत. न विचारता मात्र उठू नये. विमानाचा तोल प्रवाशांच्या वजनाच्या वाटणीवरून काढलेला असतो, आणि छोट्या एटीआरमध्ये चार माणसं पुढून मागे गेली तरी तो फरक मोजावा लागतो.

आता खिडकीची बाजू. उन्हाळ्यात नागपूरकराला हे कळायलाच हवं. तोंड पुढे करून बसल्यावर ए ही अक्षराची सीट नेहमी डावीकडे असते. दिल्लीला सकाळी जाताना ऊन उजवीकडून येतं, बंगळूरला सकाळी जाताना डावीकडून, संध्याकाळी उलट. मुंबईला हिवाळ्यातल्या दुपारी डावी बाजू तापते. आणि परतताना विमान वायव्येकडून धावपट्टीवर उतरत असेल, तर डाव्या खिडकीतून अंबाझरी तलाव आणि शहर दिसतं. पाहण्यासारखं आहे. एवढ्यासाठी कुणी दोनशे रुपये आनंदाने मोजले, तर तो खर्च मला वाया गेलेला वाटत नाही.

लहान मुलांसोबत जाणाऱ्यांना मात्र एक विनंती. मुलाची सीट तुमच्यापासून दूर आली, तर पैसे भरण्याआधी काउंटरवर डीजीसीएचा एप्रिल २०२४ चा आदेश सांगा. तिथे ऐकलं नाही, तर बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवा आणि मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा.